समाजाचे देणे आणि समाजाची रीत
कंपन्यांचे सामाजिक दायित्व देशोदेशी वेगळे का दिसते? मंडणगडच्या निमित्ताने एक मांडणी

ज्या समाजाच्या जमिनीवर, पाण्यावर आणि श्रमावर उद्योग उभा राहतो, त्या समाजाचे देणे उद्योगाने फेडले पाहिजे, ही अपेक्षा जगात बहुतेक सगळीकडे आढळते. हे देणे कोणाला, किती आणि कोणत्या रूपात द्यायचे, याची उत्तरे मात्र देशागणिक बदलतात. अमेरिकेत यशस्वी उद्योजक ग्रंथालय किंवा विद्यापीठ उभारतो. जर्मनीत कंपनीच्या कारभारातच कामगारांच्या प्रतिनिधींना जागा मिळते. जपानमध्ये जुना नोकर आणि जुना पुरवठादार यांना न तोडणे ही पहिली जबाबदारी मानली जाते. भारतात कंपनीचे नाव शाळेच्या खोलीवर, पाण्याच्या टाकीवर किंवा फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर दिसते.

या फरकामागे कायदे असतात, इतिहास असतो आणि त्यांच्या मुळाशी त्या समाजाची संस्कृती असते. आपले कोण आणि परके कोण, दान श्रेष्ठ की हक्क, मदत नाव लावून करावी की गुप्तपणे, सरकारने काय करावे आणि धनिकाने काय, याबद्दलच्या पिढीजात धारणा कंपन्यांच्या वागण्यात उतरतात. डर्क मॅटन आणि जेरेमी मून या अभ्यासकांनी २००८ मध्ये या फरकाची एक उपयुक्त मांडणी केली. काही समाजांत दायित्व उघड असते: कंपनी स्वतः कार्यक्रम ठरवते, त्याला नाव देते, अहवाल छापते. इतर काही समाजांत ते व्यवस्थेतच मुरलेले असते: कायदे, कामगार संघटना, कर आणि रूढी यांच्यामुळे कंपनी ते पाळतेच, त्याचा वेगळा गाजावाजा करत नाही. पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण अमेरिका, दुसऱ्याचे युरोप.

जगाच्या रीती

अमेरिकेतील रीतीला व्यक्तिस्वातंत्र्याची आणि प्रॉटेस्टंट पंथाच्या शिकवणीची पार्श्वभूमी आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ मध्ये लिहिलेल्या निबंधात, धनिकाने आपली संपत्ती हयातीतच लोकांच्या कामी लावावी, असे प्रतिपादन केले. त्यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. त्याच कार्नेगींच्या होमस्टेड येथील कारखान्यात १८९२ मध्ये संप मोडून काढण्यात आला, हेही इतिहासात नोंदलेले आहे. तिथे दान ही मालकाची स्वेच्छा होती; कामगाराचा वाटा हा वेगळा प्रश्न मानला गेला. पुढे १९५३ मध्ये हॉवर्ड बोवेन यांच्या ग्रंथाने उद्योजकाच्या सामाजिक जबाबदारीला अभ्यासविषयाचे रूप दिले. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी त्याविरुद्ध बाजू मांडली: नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी. हा वाद अमेरिकेत अजून संपलेला नाही.

जर्मनीने निराळी वाट धरली. १९७६ च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळतात. कारखाना बंद करायचा की चालू ठेवायचा, या निर्णयावर ज्यांची चूल अवलंबून आहे त्यांचे मत घ्यायचे, हे तिथे दायित्वाचे रूप. त्यासाठी वेगळे अहवाल छापण्याची गरज बराच काळ कोणाला भासली नाही.

जपानमध्ये बिवा सरोवराच्या परिसरातील ओमी व्यापाऱ्यांच्या नावे एक सूत्र सांगितले जाते: व्यवहार विकणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या आणि समाजाच्या, अशा तिघांच्या भल्याचा असावा. परगावी जाऊन धंदा करणाऱ्या या व्यापाऱ्यांना तिथल्या लोकांचा विश्वास मिळवणे भागच होते. सुमारे पाचशे उद्योगांच्या उभारणीत भाग घेतलेले शिबुसावा एइइची यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात कन्फ्यूशियसची नीती आणि हिशेबाची पाटी एकत्र नांदली पाहिजे, असा विचार मांडला. मुस्लिम समाजांत जकात आणि वक्फ या संस्थांमुळे संपत्तीतला ठरावीक वाटा गरजूंचा असतो ही धारणा आधीपासून रुजलेली आहे. दान गुप्त ठेवणे तिथे अधिक पुण्याचे मानले जाते, त्यामुळे अनेक व्यापारी आपल्या मदतीची जाहिरात टाळतात. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचा इतिहास इतका ताजा आहे की तिथे २००३ च्या कायद्याने मालकी, नोकऱ्या आणि खरेदी यांत कृष्णवर्णीयांना वाटा देणे हा दायित्वाचा गाभा ठरवला.

महाराष्ट्राची परंपरा

महाराष्ट्रात हे दायित्व अनेक अंगांनी घडले. पारशी समाजात दानधर्माला धर्माचरणाचे स्थान आहे. जमशेटजी टाटा यांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, जी १८७७ मध्ये सुरू झाली, कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची योजना १८८६ मध्येच आली. पुढे टाटा समूहाच्या मुख्य कंपनीची बहुतांश मालकी विश्वस्त निधींकडे गेली आणि मुंबईत १९३६ मध्ये सामाजिक कार्याचे शिक्षण देणारी संस्था, तर १९४१ मध्ये कर्करोग रुग्णालय उभे राहिले. मारवाडी व्यापारी परंपरेतून आलेले वर्ध्याचे जमनालाल बजाज गांधीजींच्या विश्वस्त वृत्तीच्या विचाराने भारले गेले. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. धर्मशाळा आणि पाणपोई यांच्या जुन्या परंपरेत सामाजिक न्यायाचा प्रश्न असा दाखल झाला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे कारखान्याबरोबर घरे, शाळा आणि पुढे वाचनसंस्कृती घडवणारी मासिकेही आली. तुरुंगवास भोगून आलेल्यांना राखणदारीचे काम देण्याचे धाडसही त्यांनी केले. स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच वाटेने गेलेल्या कारखान्यांनी सभासदांच्या उसाच्या बिलातून कपात करून शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने उभारले. या रीतीत देणारा आणि घेणारा एकच होता: शेतकरी.

कामगारांच्या बाजूनेही संस्कृतीने मागण्यांना आकार दिला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा रविवार हा प्रार्थनेचा दिवस. लोखंड्यांनी तोच खंडोबाचा वार म्हणून मांडला, आणि १८९० मध्ये ती सुट्टी मान्य झाली. आज सगळ्यांना नैसर्गिक वाटणारी ही सोय मालकाच्या मोठेपणातून आलेली नाही. ती लोकांच्या श्रद्धेच्या भाषेत मागून मिळवलेली आहे.

दोन टक्क्यांचा कायदा

या साऱ्या परंपरांवर कायद्याची चौकट आली ती कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मुळे. १ एप्रिल २०१४ पासून हे कलम लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. कामांची यादी सातव्या अनुसूचीत दिली आहे: शिक्षण, आरोग्य, भूकनिवारण, पर्यावरण, वारसा जतन, ग्रामविकास, आपत्तीनिवारण इत्यादी. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामे आणि राजकीय पक्षांना देणग्या या खर्चात मोजल्या जात नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर न खर्चलेली रक्कम कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. चालू प्रकल्पाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्चावी लागते, इतर रक्कम ठरावीक मुदतीत सरकारने नेमलेल्या निधीत भरावी लागते. प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. मॉरिशसने २००९ मध्ये असाच नियम केला होता आणि इंडोनेशियाने २००७ मध्ये खनिज व नैसर्गिक संपत्तीवर चालणाऱ्या कंपन्यांवर बंधन घातले होते, पण एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेत अशी सक्ती करणारा भारत जवळजवळ एकटाच.

या कायद्यातही भारतीय धारणा दिसतात. दान ही स्वेच्छेची बाब मानणाऱ्या देशांत नफ्याचा ठरावीक टक्का बाजूला काढण्याची सक्ती विचित्र वाटते. दशमांश, जकात, धर्मादाय यांची सवय असलेल्या समाजाला ती चटकन समजते. २०२१-२२ मध्ये देशभरात या सदराखाली २६ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम खर्च झाली, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळाला. तो राज्यात सारखा वाटला गेला नाही, कारण कंपन्यांनी आपल्या कार्यक्षेत्राच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. जिथे कारखाना तिथे निधी, हा त्याचा स्वाभाविक परिणाम.

मंडणगड: कारखान्याविना दायित्व

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुका आहे. सावित्री नदीपलीकडे रायगड जिल्हा, नदीच्या मुखाशी बाणकोट, समुद्रकिनाऱ्याला वेळास, आत डोंगराळ वाड्या. खेड तालुक्यातील लोटे-परशुरामसारखी मोठी औद्योगिक वसाहत इथे नाही. रत्नागिरी तालुक्यातील गोळप परिसरात फिनोलेक्स, जयगडला जेएसडब्ल्यू अशा कंपन्यांभोवती त्यांच्या प्रतिष्ठानांचे शिक्षण-आरोग्याचे काम दिसते. घरडा यांच्या रासायनिक उद्योगाची पार्श्वभूमी असलेले अभियांत्रिकी महाविद्यालय खेड तालुक्यातील लवेल येथे २००७ मध्ये सुरू झाले. मंडणगडला असा शेजार लाभलेला नाही.

तरीही या तालुक्यात सामाजिक दायित्वाची परंपरा भक्कम आहे. तिचे केंद्र मुंबईत आहे. १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यातले होते. गावातून गेलेले पुरुष गिरणगावात गावाच्या सामाईक खोलीत राहत, खानावळीत जेवत आणि गावासाठी वर्गणी काढत. त्यातून प्रत्येक गावाचे, कधी वाडीचेही, मुंबई मंडळ उभे राहिले. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तरी मंडळे टिकली. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वार्षिक सभा, पावती पुस्तक आणि हिशेबाची वही, हा त्यांचा कारभार एखाद्या छोट्या संस्थेसारखा चालतो. गावच्या शाळेची खोली, देवळाचा सभामंडप, विहिरीचा कठडा, स्मशानशेड या वर्गणीतून उभी राहते. शाळेतल्या पंख्याच्या पात्यावर किंवा देवळातल्या फरशीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे रंगवलेले असते आणि खाली मुलाचे नाव, गावाचे नाव आणि ‘मुंबई’.

हे दान दात्याचे नाव लावते, पण ते परक्याला दिलेले नाही. देणारा शिमग्याला आणि गणपतीला त्याच गावात येणार, त्याच पंख्याखाली त्याचा भाचा शिकणार. कोकणी मुस्लिम कुटुंबांत आखाती देशांतून येणारी जकात आणि सदका, बौद्ध वस्त्यांत बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांमार्फत चालणारी सामाईक कामे, हीही याच घडणीची रूपे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर घसरली होती. गावातले हात कमी झाले की वर्गणी वाढते आणि श्रमदान घटते, ही या स्थलांतराची दुसरी बाजू.

वेळासमधील काम श्रमदानाच्या परंपरेला नवे रूप देणारे ठरले. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आढळली. त्या वेळी अंडी चोरीला जात. संस्था, वन विभाग आणि ग्रामस्थ यांनी मिळून संरक्षण सुरू केले. घरट्यातली अंडी काळजीपूर्वक काढून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, प्रत्येक घरट्याची तारीख लिहायची, सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर आली की ती सकाळ-संध्याकाळ समुद्राच्या दिशेने सोडायची, असा क्रम ठरला. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांना घरात ठेवून घरचे जेवण देण्यातून गावाला उत्पन्न मिळू लागले. कोणत्याही मोठ्या कंपनीचा प्रकल्प नसताना पर्यावरण जतन आणि उपजीविका यांची सांगड इथे घातली गेली. सामाजिक दायित्वाच्या पुस्तकात ज्याला लोकसहभाग म्हणतात तो इथे गावकीच्या सवयीतून आला.

हक्काची बाजू

या संस्कृतीचे गोडवे गाताना तिच्यातली दुसरी गोष्ट विसरता येत नाही. याच मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. कोकणातली जमीन शतकानुशतके सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या ताब्यात होती. कुळाला धान्याचा वाटा द्यावा लागे आणि वेठही करावी लागे. सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती रद्द करणारा कायदा अखेर १९४९ मध्ये झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना आंबेडकरांनी कामाचे तास कमी करण्यासाठी पुढाकार घेतला.

त्यांच्या या कामातून एक ठाम भूमिका दिसते: कष्टकऱ्याला जे हक्काने मिळायला हवे ते उपकार म्हणून देऊ नये. खोतानेही सणाला कुळाला शिधा दिला असेल, पण त्याने कुळाचा जमिनीवरचा हक्क मिटत नाही. कंपनीलाही हा मापदंड लागू होतो. कारखान्याचे सांडपाणी नदीत किंवा खाडीत जात असेल, तर गावात बांधलेली शाळा त्याची भरपाई करू शकत नाही. दाभोळ खाडीच्या मच्छीमारांनी रासायनिक सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, त्या वेळी त्यांची मागणी निधीची नव्हती. खाडी पूर्ववत व्हावी ही होती. अमेरिकेतील आर्ची कॅरोल यांनी दायित्वाच्या पायऱ्या सांगितल्या, त्यात आर्थिक जबाबदारी पायाशी, कायदा पाळणे तिच्या लगेच वर आणि दान टोकाला येते. कोकणातल्या माणसाला ही मांडणी वाचण्याची गरज नसते. खालच्या पायऱ्या ढासळलेल्या असतील तर वरच्या दानाचा त्याला राग येतो.

निधी गावात येताना

मंडणगडसारख्या भागात एखादी कंपनी निधी घेऊन आली तर तिला इथली रीत समजून घ्यावी लागेल. पहिली गोष्ट वेळेची. निम्मे गाव मुंबईत असते. निर्णय घेणारी माणसे गणपतीत आणि शिमग्यात एकत्र भेटतात. मेमध्ये एका दुपारी घेतलेल्या बैठकीत झालेला ठराव गणपतीत बदलू शकतो. दुसरी गोष्ट मागणीच्या क्रमाची. गाव बहुधा आधी मंदिराचा जीर्णोद्धार मागते, आणि अनुसूचीत धार्मिक कामांना जागा नाही. ते स्पष्टपणे आणि आदराने सांगून पाणी, शाळा, आरोग्य यांवर चर्चा वळवणे योग्य. तिसरी गोष्ट पाण्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात जांभ्या दगडातून पाणी झिरपून जाते आणि उन्हाळ्यात टंचाई येते. पावसाळा संपताच ओढ्यावर मातीने भरलेल्या गोण्यांचे वनराई बंधारे घालण्याची रीत इथे आहे. कंपनीने या ओळखीच्या कामाला तांत्रिक साहाय्य आणि पक्की साठवण जोडली तर तिचा पैसा टिकाऊ ठरेल.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. गावकीत मानकऱ्यांचा क्रम ठरलेला असतो, पालखीच्या मानापासून बैठकीत कोण बोलणार इथपर्यंत. वर्षाचे दहा महिने घर आणि शेती सांभाळणाऱ्या स्त्रिया आणि कडेच्या वाडीतले लोक त्या क्रमात मागे राहतात. गावकीचा आदर करायचा म्हणून हा क्रम जसाच्या तसा स्वीकारला तर निधी पुढारलेल्या वाडीपाशीच थांबतो. म्हणून बचत गटांशी आणि प्रत्येक वाडीशी वेगळी चर्चा, आणि अंतिम निर्णय ग्रामसभेत, अशी पद्धत अधिक न्याय्य. संस्कृतीला धरून काम करणे म्हणजे तिच्या दोषांनाही धरून बसणे नव्हे. आंबडवेच्या सुपुत्राने हे शिकवले आहे.

संस्कृती आणि कंपनीचे दायित्व यांचा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. समाज कंपनीला शिकवतो की देणे कोणाचे आणि कसे फेडायचे. कंपनीचे वागणे समाजाच्या अपेक्षा घडवते. टाटांच्या निवृत्तिवेतनाने किंवा प्रवरेच्या कपातीने पुढच्या पिढ्यांना वेगळ्या गोष्टी मागायला शिकवले. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१० मध्ये काढलेले सामाजिक जबाबदारीचे मार्गदर्शक सूत्र जगाला समान भाषा देते, पण मंडणगडच्या गरजा काय आहेत हे त्यात लिहिलेले नसते. ते इथेच विचारावे लागते. मुंबई मंडळाच्या सभेत पैन्‌ पैचा हिशेब मागण्याची सवय या तालुक्याला आहे. कंपनीच्या निधीचाही हिशेब त्याच पद्धतीने ग्रामसभेत वाचला जावा आणि त्यावर प्रश्न विचारले जावेत, एवढी व्यवस्था झाली तर २ टक्क्यांचा कायदा इथल्या रीतीत रुजेल.